अध्यक्षपदाचं भांडण आणि सुनंदाताईंचे मासे

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे आम्ही अ‍ॅक्वापोनिक्सवाले आज संघ काढायला बेलवलीत सुनंदाताईंच्या गच्चीवर जमलो होतो. तिथल्या शेडमध्ये त्यांच्या टाकीतलं माशांचं पाणी पाइपातून पालकाला जातं आणि तिथून गाळून परत टाकीत येतं. आम्ही सगळे घरी हेच करतो.

अध्यक्ष कोण, यावरच गाडी अडली. एकीकडे अंबरनाथचे साहेब, दुसरीकडे उल्हासनगरचे शेठ. बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, इथपर्यंत मजल गेली.

मध्येच लाइट गेली. शेडमधला पंखा थांबला, तसे सगळे हातातल्या कागदाने वारा घेत भांडत राहिले. मीसुद्धा. टाकीतला हवेचा पंपही थांबलाय, हे एकाही मासेवाल्याच्या डोक्यात आलं नाही.

ताई खाली आमच्यासाठी पोहे करत होत्या. तासाभराने ट्रे घेऊन वर आल्या, तेव्हा टाकीतले तिलापिया मासे उलटे तरंगत होते.

"अरे, तुम्ही सगळे इथेच होतात ना?" एवढंच म्हणाल्या.

साहेब पुटपुटले, "माझ्या डिक्कीत बॅटरीचा पंप होता."

शेठ म्हणाले, "मेरी गाड़ी में भी पड़ा है."

मग आपण संघ नेमका कशासाठी काढत होतो? त्या मीटिंगमधलं कोणी हे वाचत असेल, तर उत्तर कमेंटमध्ये नको. उद्या सकाळी मी ताईंची टाकी धुवायला जातोय. तिथे येऊन द्या.