त्रिरत्न लाऊडस्पीकरची खोली

माणूस कामसू आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, पगार आहे तसा घरात येतो. आमच्या आनंदराजविषयी, म्हणजे माझ्या नवऱ्याविषयी, दुसऱ्या कुणी वाईट बोललेलं मी ऐकून घेत नाही. ते काम मी स्वतः करते. आणि या वर्षी त्याला कारणही तसंच मिळालं होतं, आमच्या रेणापूरच्या घरातली खालची खोली.

ही खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. न्हाणी आणि संडास तिला लागूनच, मध्ये एकही पायरी नाही. माझ्या सासूबाई, धुरपताबाई, यांना मी आत्या म्हणते. त्या पावसाळ्यात ओल्या फरशीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. त्यांची झोपायची जागा वर माडीवर होती, म्हणून आम्ही त्यांची खाट तात्पुरती बैठकीत, दाराशेजारच्या भिंतीला लावली. तात्पुरती म्हणता म्हणता होळी आली. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या पायाशी चपला काढायचा. संडासला जायचं तर वॉकर घेऊन बैठक, मग स्वयंपाकघर, मग मागचा बोळ. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून आत्यांनी दिवस मावळल्यावर पाणी पिणंच सोडलं. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी आनंदराजना म्हटलं, ती खोली रिकामी करा. ते म्हणाले, करतो की.

खोलीत माझे सासरे होते. म्हणजे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, पण त्यांचं 'त्रिरत्न लाऊडस्पीकर, रेणापूर' खोलीत जसंच्या तसं होतं. एकात एक बसवलेले भोंगे, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं, आवाज मोठा करणारं जडशीळ मशीन, पेटीतला रेकॉर्डप्लेअर, गाण्यांच्या तबकड्या, मुठीएवढे माईक, मेलेल्या बॅटऱ्या आणि कोपऱ्यात म्हैस बसावी तसं वायरचं भेंडोळं.

सासरे नरसिंग, ज्यांना मी मामा म्हणत असे, ते शेतमजुराच्या पोटचे. उदगीरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायला लागले आणि बघून बघून काम शिकले. हप्त्यानं मशीन घेतलं. सायकलच्या कॅरिअरवर मशीन, दांडीला भोंगे, आणि मागून डोक्यावर बॅटरी घेतलेल्या आत्या, अशी ही दोघं पार जळकोटपर्यंत जायची. जयंती, लग्नं, निवडणुकीच्या सभा, बाजारात दंतमंजन विकणारे, गावोगावचे हरिनाम सप्ताह, सगळीकडे त्रिरत्नचा आवाज. पुढं कॅसेट आली, मग डीजे आला. मामांनी सगळं पुसून त्या खोलीत लावलं आणि वर चादर टाकली.

त्यांचा एक नियम होता. वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. कार्यक्रमाच्या आधी ते चार माणसं गोळा करायचे, मुख्य माणसाला माईकमध्ये एक शब्द बोलायला लावायचे, आवाज आला का म्हणून विचारायचे आणि मगच माईक सोडायचे. आनंदराज हा नियम अंगठी घालावी तसा मिरवतात. ते लातूरला पाटबंधारेच्या कचेरीत आहेत आणि तिथंही फाइल दोनदा दाखवल्याशिवाय देत नाहीत.

तर पहिला भंगारवाला आला. आनंदराज त्याला म्हणाले, थांबा, आधी चालू करून दाखवतो. तो म्हणाला, "मला काय गाणे आयकायचेत साहेब? काट्यावर टाका." आनंदराजना ते इतकं लागलं की त्याला चहाही विचारला नाही. मग त्यांनी मशीन चालू करून बघितलं, तर ते चालू होईना. एक व्हॉल्व्ह गेला होता. तसला व्हॉल्व्ह आता मिळतो कुठं? नांदेडला एकाकडं तशाच कंपनीचं बंद मशीन सापडलं. व्हॉल्व्हसाठी ते अख्खं मशीन विकत आणलं. त्याचाही तोच व्हॉल्व्ह गेलेला. मग देगलूरहून दुसरं आणलं. ट्रान्सफॉर्मर बसेना म्हणून तिसरं. खोली रिकामी करायला निघालेल्या माणसानं खोलीत तीन मशीनं वाढवली आणि मला वर सांगितलं, "सुटे भाग झाले आता, बेफिकीर राहा."

शिवाय त्यांनी मोबाइलवर कुणीतरी परदेशातल्या माणसानं तसल्याच मशीनची मागितलेली किंमत बघितली. मागणं वेगळं आणि मिळणं वेगळं, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, मग ओरडून सांगितलं. त्यांनी त्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायला लागले. आत्या खाटेवरून बघायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत आणि त्यांना कुणी विचारायचंही नाही.

शेवटी नांदेडचे विरूपाक्ष भेटले. जुन्या वस्तू घ्यायच्या आणि पुण्या-हैदराबादच्या शौकिनांना द्यायच्या, हा त्यांचा धंदा. फोनवर फोटो बघून ते खूश झाले. विशेषतः भोंगे त्यांना फार आवडले. गंजलेले, आणि आत मामांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलेलं 'त्रिरत्न'. म्हणाले, रविवारी टेम्पो घेऊनच येतो. मी खोलीसाठी नवा पडदासुद्धा शिवायला टाकला.

मी शनिवारी मीटिंगला लातूरला गेले होते. संध्याकाळी परत आले तर अंगणात सगळे भोंगे पालथे वाळत घातलेले. चांदीसारखे चकचकीत. कडांना निळा पट्टा.

आमच्याकडं जनावर बाजारात न्यायचं तर त्याला धुतात, शिंगं तासून रंगवतात, तेल लावतात. न रंगवता नेलं तर बघणारा म्हणतो, ह्याचं काहीतरी दुखतंय. घर कुणाचंही असो, ही रीत चुकत नाही. आनंदराजच्या सात पिढ्यांत स्वतःचं जनावर कुणी विकलं नसेल, पण रीत तेवढी अंगात भिनलेली. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. ते म्हणाले, "कसे दिसून राहिलेत? दोन कोट दिले."

रविवारी विरूपाक्ष आले, भोंग्यांसमोर उभे राहिले आणि एकेका भोंग्यात वाकून बघायला लागले.

"साहेब, अक्षरं कुठं गेली?"

"खालीच हायत की. रंगाच्या खाली."

"मला तीच पाहिजे होती," विरूपाक्ष म्हणाले. "गंज पाहिजे होता. नवा रंग तर नांदेडला कुठंबी मिळतो."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले, नाहीतर पाहुण्यासमोर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं.

मशीन मात्र चालू झालं. चार मशीनांचं मिळून एक. आनंदराजनी विरूपाक्षना माईक धरायला लावला आणि एक शब्द बोला म्हणाले. ते बिचारे संकोचून "नमस्कार" म्हणाले आणि तो नमस्कार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या सरजाबाई भिंतीवरून डोकावून विचारायला लागल्या, कोण वारलं म्हणून. आत्यांना आम्ही खुर्चीत बसवून खोलीच्या दाराशी आणलं होतं. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या.

सगळं बघून झाल्यावर विरूपाक्षचं लक्ष त्या भेंडोळ्याकडं गेलं. "माईकला इतकी वायर? इतक्या लांबून कशाला घ्यायचे?"

हा प्रश्न आनंदराजच्या आवडीचा. लग्न झाल्यापासून मी त्याचं उत्तर ऐकत आले आहे. "बाबांची कामंच मोठी. हजारोंच्या सभा राहायच्या. येवढी वायर तालुक्यात कुणापाशीच नव्हती."

"सभेचं काय न्हाई त्यात," आत्या दारातून म्हणाल्या. "सभेला मशीन ष्टेजपाशीच राहायचं. ती वायर सप्त्याची हाय."

आनंदराज म्हणाले, "सप्त्याला कशाला लागती येवढी?"

"देवळात माईक चालायचा. आमी चालायचो न्हाई. मनून मशीन घेऊन आमी भाईर, लिंबाखाली न्हाईतर शाळंच्या मागं. गावातलं पोरगं यायचं, माईक घेऊन आत जायचं, आन् तुजे बाबा वायर सोडत राहायचे. देऊळ जेवढं आत, तेवढी वायर. कमी पडली की जोड देयाचा. अशीच वाढत गेली ती."

आत्या सरळ आवाजात, बाजाराचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

"एका गावात माईक आत घेयाच्या आदी त्याच्यावर गोमूत्र शिपडलं. माईक गेला. तर लोकं ह्यांच्यावरच धावून आले, खराब माल आनला मनून. गळ्यापाशी गच्ची धरली. तवापासून तेनी आदी चालू करून दाखवायचे. चार मानसाईच्या म्होरं. मग देयाचे."

आनंदराज वसतिगृहात राहून शिकले. सुट्टीत यायचे तेव्हा मामा त्यांना कधी सप्त्याला घेऊन गेले नाहीत, हे मला माहीत होतं. का नेलं नाही, ते आम्हा दोघांनाही त्या दुपारी कळलं. ज्या नियमाचा ते अभिमान बाळगत होते, तो धंद्याचा नव्हता, भीतीचा होता. त्यांच्या हातात अजून माईक होता. मला त्यांची फार कीव आली आणि भयंकर रागही आला, पण या वेळी तो त्यांच्यावर नव्हता.

विरूपाक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांचेही डोळे पाणावले होते. पण शेवटी माणूस धंद्याचा. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मावशी बोलल्या ते मोबाइलवर घेऊ द्या. मशीन, वायर आन् ही हकिकत, असं जोडीनं देऊ. असलं घेणारे लोक हायत पुण्यात. रंगाचं नुकसान सगळं भरून निघंल."

"मला विकायचंच न्हाई," आनंदराज म्हणाले. "काहीच न्हाई विकायचं. ही खोली अशीच ठेवतो. बाबांच्या नावानं. लोकं बघायला येतील."

इथं माझा धीर सुटला. "आणि आत्यांना कुठं ठेवायचं?" मी म्हटलं. "त्यांनाही मांडायचं का इथं, चांदीचा रंग देऊन?"

"प्रिया, थांब गं," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी लेकाला जवळ बोलावलं. "आनंदा, वायर तेनी सोडायचे. गुंडाळायची मी. पहाटच्याला, दवात. शेनामुतातून, उष्ट्या पत्रावळीवरून आलेली वायर. कोपरावर गुंडाळू गुंडाळू कातडं निघायचं. तुला बाबाची याद पायजे तर भितीवर फोटू हाय. मला हे सगळं बगायचं न्हाई आता. मला ह्या खोलीत निजायचंय. रातच्याला पोटभर पानी पियाचंय. हे मला कुनी इचारलंच न्हाई, बेजार झाले मी."

मी मान खाली घातली. रोज त्यांच्या नावानं भांडत होते, पण विचारलं मीही नव्हतं.

विरूपाक्षकडं वळून त्या म्हणाल्या, "बाबा, सामान ने. हकिकत न्हाई इकायची."

विरूपाक्षनी रंग धरून जो भाव सांगितला तो आधी फोटो बघून त्यांनीच सांगितलेल्या भावाच्या निम्माही नव्हता. आनंदराजनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. मशीन, भोंगे, रेकॉर्डप्लेअर, तबकड्या, सुटे भाग म्हणून आणलेलं सगळं टेम्पोत चढलं. वायर तेवढी आत्यांनी देऊ दिली नाही. ती भंगारात घाला, म्हणाल्या, तांबं हाय. आनंदराज अंगणात बसले आणि ते अख्खं भेंडोळं उकलून पुन्हा कोपरावर गुंडाळलं. आम्ही कुणी मध्ये पडलो नाही. मग सायकलवर घालून स्वतः भंगारवाल्याकडं गेले. त्या दिवशी त्यांनी त्याला काही चालू करून दाखवलं नाही.

संध्याकाळी मी खोली धुतली, पडदा लावला. आनंदराजनी बैठकीतली खाट उचलून आणली. खिडकीखाली भिंतीला लावावी, पंख्याचं बटण हाताशी येईल, असं माझं म्हणणं होतं. आत्या वॉकर धरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मधी ठेव," त्या म्हणाल्या.

"आत्या, मधी कशी ठेवायची? जायला-यायला अडचण होईल."

"होऊ दे. कडंला लई बसले मी."

तेव्हापासून खाट खोलीच्या बरोबर मधोमध आहे. उशाशी पाण्याचा तांब्या असतो आणि सकाळी तो रिकामा असतो. बटण हाताला येत नाही, पंख्यासाठी रात्री मलाच उठावं लागतं. केर काढताना खाटेचा पाय रोज माझ्या नडगीला लागतो आणि मी रोज चिडते. आनंदराज परवा म्हणाले, थोडी भिंतीकडं सरकवू का? मी त्यांना खाटेला हात लावू दिला नाही.