माईंची दिवेलागण

दुपारचा चहा झाला की माईंचा एक डोळा आभाळावर असायचा. वाडीत चिकू निवडत असोत की शेजारी हळदीकुंकवाला गेलेल्या असोत, सूर्य सुरूच्या झाडांमागे उतरू लागला की बोलणं अर्धं टाकून त्या उठायच्या. "निघते. घरात काळोख व्हायला नको." घोलवडच्या आमच्या घरात देवापुढचा दिवा लागायचा तो त्यांच्याच हातचा. मी सून म्हणून आले तेव्हा वाटलं, असतं एकेकाचं. पहिल्याच वर्षी मी डहाणूला सहाच्या खेळाला सिनेमा बघायचा बेत काढला, तर माईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा सिनेमाचं नाव म्हणून घेतलं नाही.

खरं कारण नरेशनं, माझ्या नवऱ्यानं, नंतर सांगितलं. माई तरुण असताना तलासरीला माहेरच्या एका लग्नाला गेल्या होत्या. त्यांच्या सासूबाई लेकीकडे, घरी सासरे एकटेच. माईंची परतीची एसटी चुकली. घरी पोचल्या तेव्हा घर अंधारात होतं आणि सासरे ओटीवरच्या आरामखुर्चीत गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सासूबाई मात्र आल्या आल्या एवढंच म्हणाल्या, "दिवा लावायला कोणी नव्हतं ना?" पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. माईंनी मात्र तो जन्मभर सोडला नाही. त्यानंतर एकही संध्याकाळ त्यांनी घराबाहेर काढली नव्हती.

म्हणून अंदमानला जायचं ठरलं तेव्हा माईंचा नकार आम्ही धरूनच चाललो होतो. "समुद्र काय आपल्याला नवा आहे? घरामागे तर आहे," त्या म्हणाल्या. रियानं, माझ्या मुलीनं, हट्ट धरला की आजी नसेल तर मीही नाही. शेवटी गाठ सोडवली राधीनं. राधी आमच्या वाडीतच राहायची, तरुणपणापासून माईंच्या बरोबरीनं चिकू निवडत आलेली. ती म्हणाली, "जा बाय तू. दिवा मी लावीन. मला काय हात नाय?" माईंनी मग तिला वात किती मोठी, तेल किती, हे सगळं तीनतीनदा शिकवलं. राधी स्वतःच्या घरात रोज समई पेटवणारी बाई, पण निमूट शिकून घेतलं तिनं.

बेटावर पहिल्याच दिवशी माई नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. आम्ही खूश. आणि पाच वाजून गेले न गेले तोच अंधारून आलं. माई ओल्या लुगड्यानिशी धावत बाहेर आल्या आणि फोन मागितला.

"राधी, दिवा लावलास?"

"आत्ता? बाय, ऊन हाय अजून."

"खोटं बोलू नको! इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही."

"अगो, कोंबड्या पण अजून बाहेर फिरतात. खोकी भरतोय आम्ही."

रियानं वाळूवर पृथ्वी काढून आजीला समजावलं, की आपण खूप पूर्वेला आलोय, इथे सूर्य आधी मावळतो. माईंना ते पटायला वेळ लागला. "म्हणजे इथे रात्र नि माझ्या घरी अजून ऊन?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मग चहा घेऊन आलेल्या वेटरलाही त्यांनी कौतुकानं सांगितलं, "आमच्याकडे अजून उजेड आहे हो." तासाभरानं राधीचा फोन आला, दिवा लागला, तेव्हा कुठे त्यांनी लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या छोट्या बेटावर गेलो. तिथे फोनच लागेना. संध्याकाळी माई जरा घुटमळल्या, फोन उंच धरून किनाऱ्यावर फिरल्या. तेवढ्यात नरेश पाण्यातून वर आला, तोंडावर काचेचा मुखवटा, नळी कानामागे वाकडी. "ह्याला मी जन्म दिला?" असं म्हणून माई ज्या हसत सुटल्या, त्या वाळूत खाली बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन लागला. राधी "सगळं बरं हाय" म्हणाली आणि तिनं लगेच ठेवून दिला.

घरी परतलो तेव्हा राधी फाटकाशीच उभी होती, ओटीवर येईना. माईंनी विचारलं तशी रडायलाच लागली.

"बाय, दुसऱ्या दिवशी दिवा नाय लागला. सुनेला अचानक कळा आल्या. तिला घेऊन डहाणूला दवाखान्यात गेलो. मी विसरलेच गो. दिवस उजाडल्यावर आठवलं. फोनवर सांगायला जीभच रेटेना."

 माई ओटीवर टेकल्या. त्यांची नजर आरामखुर्चीकडे गेली.

"सून कशी आहे?"

"बरी हाय. मुलगी झाली."

"तू?"

"मला काय झालंय?"

माईंनी नरेशकडे पाहिलं, रियाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जणू कोणी कमी तर नाही ना, हे बघत होत्या. मग त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"म्हणजे मामंजी माझ्यामुळे गेले नाहीत गं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेऊन रडल्या. राधी त्यांच्या शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांचं ओझं असं उतरताना मी तरी पुन्हा कधी पाहिलेलं नाही. मलाही भरून आलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं माईंनी डोळे पुसले आणि चपला पायांत सरकवल्या. "चल राधी, बाळ दाखव."

सूर्य सुरूंच्या मागे गेलाच होता. मी सवयीनं म्हटलं, "माई, दिव्याची वेळ झाली."

"आल्यावर लावू की," माई म्हणाल्या, आणि राधीचा हात धरून वाडीत उतरल्या.