निळ्या बादलीची नदी

इंझोरी गावात बादली फुटली की भिवाजी ती मागून नेई. लढाईवरून परतलेला हा शिपाई फुटक्या प्लास्टिकचं करतो तरी काय, हे कोडं मला काही सुचू देईना. शेवटी एका सकाळी मी त्याच्या ओसरीवर जाऊन ठाण मांडलं.

तापल्या उलथन्यानं तो बादल्यांचे चौकोनी तुकडे कापत होता. एकाच्या कडेला जीभ, दुसऱ्याच्या कडेला खाच; जीभ खाचेत बसली की तुकडे जुळत. निळ्याची नदी, हिरव्याचं शेत, लाल मगाचा बांध. पुढच्या डावाला सगळं उपसून नदी दुसरीकडून न्यायची! चिंचोके म्हणजे शिपाई. गोळी लागली की नाही, ते कवड्या ठरवत. एका चिंचोक्याला चुना फासला होता. तो ग्यानबा.

ग्यानबा गावचाच. एकाहत्तरच्या लढाईत भिवाजीनं त्याला नदीच्या डाव्या अंगानं धाडलं आणि तो तिथंच पडला. उजवीकडून धाडलं असतं तर वाचला असता का? तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

"लेकरावानी खेयून राह्यले हे!" बायको, भागिरथा, कुरकुरे. तिची धड बादलीही त्यानं कापली होती, तेव्हा तिचं काही चुकत नव्हतं.

शत्रू व्हायला कुणी मिळेना. पहिल्याच डावात "तुमाले जमत नाई" म्हणून त्यानं मला उठवलं. मला रागच आला. मग ग्यानबाची आई सोजरबाई येऊन बसली. तिचा जन्म ज्वारी राखण्यात गेलेला. ढोरं कुठून शिरतात ते हेरायची तिला सवय; डावातही ती नेमकी ग्यानबाच्या वाटेवर बंदूकवाला चिंचोका मांडी. चुन्याचा चिंचोका दर डावाला मरे, डावीकडून काय नि उजवीकडून काय. भिवाजीचा चेहरा पडे, पण त्याला थोडं हलकंही वाटत असावं.

एक दिवस भिवाजी पुन्हा उजवीकडून निघाला. सोजरबाईच्या कवड्या उलट्या पडल्या, गोळी हुकली. चुन्याचा चिंचोका नदी ओलांडून हिरव्या तुकड्यावर पोचला.

"काकू, माहीच चुकी झाली," भिवाजी म्हणाला, "इकडून वाचला असता तो." रडत रडत तो तुकडे उपसू लागला.

सोजरबाईनं हिरव्या तुकड्यावर हात ठेवला.

"बाकीचं मोड, भिवा. हे राहू दे. पोचला ना तो? बसू दे त्याले घडीभर."

ती हसत होती. मला तिच्याकडं पाहवेना.