कुंकू लावलेली तबकडी

परंदवडीच्या अंबाजीकडे एक कर्णा, एक ग्रामोफोन आणि चाळीस तबकड्या होत्या, आणि एवढ्या भांडवलावर तो स्वतःला कलावंत समजे. इंग्रजी त्याला येत नव्हतं, मराठीशीही बेताचंच सख्य. म्हणून तो तबकड्यांवर खुणा करी: लग्नाच्या गाण्याला हळद, देवाच्या गाण्याला कुंकू.

बासष्ट साली लोणावळ्याच्या एका बंगल्यातलं बिऱ्हाड विलायतेला गेलं आणि तिथल्या माळ्याने, हौशीरामने, मागे राहिलेली एक तबकडी त्याला दिली. पाकिटावर काळ्या आभाळात तेजाचं कडं असलेला गोळा. इतकं तेज देवाशिवाय कुणाचं असणार? अंबाजीने न ऐकताच कुंकू लावलं.

त्या चैत्रात जत्रेला ढोलवाले उशिरा येणार म्हणून त्याने तीच देवळापुढे लावली. कस्तुराबाईने केस सोडले होते. दरवर्षी पालखी निघताना देवी तिच्या अंगात येई. कर्ण्यातून आधी घशात पाणी धरल्यासारखी गुळगुळ आली, मग पन्नास सारंग्या एकदम कण्हल्या, मग एक ‘टुँऽय’ वर चढला तो वरच राहिला. कस्तुराबाई डावीकडे झुलली, ताल सापडेना. उजवीकडे झुलली, तिकडेही नव्हता. शेवटी ती पायरीवर बसली. देवी आलीच नाही.

गावाने अंबाजीला जत्रेतून काढलं ते काढलंच. शिरगावचा नथू कर्णा घेऊन येऊ लागला. अंबाजी स्टोव्ह दुरुस्त करी आणि जत्रेच्या दिवशी दार लावून बसे. त्याच्या मनाला ते फार लागलं होतं. तबकडी रांजणावर झाकण झाली.

माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याच्या पुढच्या चैत्रात कस्तुराबाई दारात उभी राहिली. उरलीसुरली अब्रूही आज जाणार, असं अंबाजीला वाटलं.

“अंबाजी, ती टुँयवाली हाय का?”

“हाय मावशी. रांजणावर.”

“काढ. सोळाव्या वर्षापासनं देवी माज्या अंगात येती. समद्या गावानं पालखी बघितली, म्या न्हाई. मी भानावर येस्तवर ती पार येशीबाहेर. त्या एका सालीच बघितली. आता गुडगं बी दमल्यात. कौल लावला हुता, देवीनं उजवं फूल दिलं. औंदा तू वाजीव. गावाशी मी बोलते.”

तिच्यापुढे गाव काय बोलणार? पालखीच्या वेळी ढोलवाल्यांनाही तिनेच चहाला पाठवलं. अंबाजीने सुई टेकवली. तीच गुळगुळ, त्याच सारंग्या. पण या खेपेला त्याला त्या गोड वाटल्या. आणि पालखी कमानीत येते न येते तोच तबकडी अडकली. रांजणावरच्या तांब्याने पाडलेल्या ओरखड्यात सुई रुतली आणि ‘टुँय, टुँय, टुँय’ सुरू झालं, थेट ढोलाचा ताल. पायरीवर कस्तुराबाईचे खांदे हलू लागले.

अंबाजीने झडप घालून सुई बोटाने पुढे ढकलली. दोन फेऱ्यांनी ती पुन्हा अडकली, त्याने पुन्हा ढकलली. जन्मभर तालावर जगलेला माणूस घामाघूम होऊन तालाला हाकलत होता. पालखी वेशीपार होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

मग कस्तुराबाई आली. डोळे ओले होते.

“बघितली,” ती म्हणाली. “नवं छत्र लावलंय. तू बघितलंस न्हवं?”

“न्हाई मावशी,” अंबाजी म्हणाला. “मी वाजवत हुतो.”