दुपारच्या बाजूचं दार

मूल गावच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या रिनाला नव्या घराचं दार दक्षिणेलाच हवं होतं. रस्ता त्याच बाजूला होता. पूर्वेला शेजाऱ्याचा उंच गोठा आणि उकिरडा. त्याच्या कडेनं जन्मभर ये-जा करायची तिची तयारी नव्हती.

सासू मीराबाई. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव, मुहूर्त, सगळं घराबाहेर गेलं. दक्षिणेचा यम तेवढा उंबऱ्याशी घुटमळत राहिला.

"मी नाई मानत, बाई," त्या म्हणायच्या, "पण लोकं म्हनतीन ना, मास्तरीनबाईनं यमाले दार उघडून देल्लं."

"लोकं उकिरडा उचलतीन का आई?"

रिना परीक्षेच्या कामाला चंद्रपूरला गेली, तेवढ्यात मीराबाईंनी इस्तारी मिस्त्रीकडून चौकट पूर्वेला बसवून घेतली. दक्षिणेला विटा-रेती आत न्यायची वाट उरली होती. तीही आता बुजायची होती. "बसली न चौकट, राहू दे आता," ती परतल्यावर नवरा विक्की म्हणाला आणि मोबाईल घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका रानभाताचं नाव निघालं : ओरायझा मेरिडिओनालिस.

"म्हणजे दक्षिणेकडचा," रिना म्हणाली. "लॅटिनमध्ये मेरिडिएस म्हणजे दुपार. आधी मेडिडिएस होतं, दिवसाचा मध्य. ड घासून र झाला. त्यांच्याकडे दुपारी सूर्य दक्षिणेला, म्हणून दुपार तीच दक्षिण. ओरायझा स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी लिस. पुल्लिंगालाही तेच, नपुंसकलिंगाला मात्र ले."

"मॅडम, मंग त्याईचा यम कुठी राहे?" करिष्मानं विचारलं. वर्ग हसला. रिनाही हसली.

रविवारी इस्तारी घमेलं घेऊन आला. मीराबाई त्या उघड्या वाटेतच पोतं टाकून लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. थंडी पडल्यापासून गुडघे शेकायला त्या तिथंच बसत. पूर्वेच्या दारातलं ऊन गोठाच अडवून धरी.

"उठा मीराबाई, भिंत उचलू द्या."

"ऊन गेल्यावर ये."

"ऊन गेल्यावर मी घरी जातो."

"मंग उद्या ये."

उद्याही त्या तिथंच होत्या. तिसऱ्या दिवशी इस्तारी घमेलं आपटून उभा राहिला.

"काऊन आदळआपट करून राह्यला?" मीराबाई सुपातला खडा फेकत म्हणाल्या. "तिकडची चौकट काढ अन् इथी बसव. तिथी खिडकी कर."

"अन् यम आला त?"

"मी बसली आहो न इथी. पाहून घेईन त्याले."

रिना चहा घेऊन आली. मीराबाईंनी कप घेतला, सुनेकडे मात्र पाहिलं नाही.

"लोकाईनं इचारलं त सांगजो, इस्तारीभाऊ," त्या म्हणाल्या, "सुनेनं केलं म्हणून."