भिंत बांधणाऱ्याचं नाव

"फोटो फुकटचे, संगीत फुकटचं. यात तुझं काय गं? तुमच्या वस्तीत सगळं फुकटच लागतं ना!"

परीक्षक बोलले, तेही माईकवर. आख्खा हॉल हसला. घाटकोपरच्या त्या शाळेचा हॉल इतका थंड की पेंग्विननेही शाल मागितली असती. माझे कान मात्र असे तापले की त्यावर पापड भाजून निघाले असते.

मागे पडद्यावर माझ्या फिल्मची शेवटची नावं सरकत होती.

मी नववीत. विज्ञान प्रदर्शन. विषय : डोंगर का खचतो. खडकांचे, मातीचे फोटो नेटवरचे, लोकांनी वापरायला मोकळे ठेवलेले. आमच्या सरांनी नियम शिकवला होता, "ज्याचं घ्याल, त्याचं नाव शेवटी द्यायचं." दिलं. जर्मनीतली कोणी बाई, केरळातला कोणी फोटोवाला, सगळ्यांचं. बाजूच्या टेबलावरच्या पोराने फिल्म स्टुडिओतून करून आणलेली. त्याला कोणी विचारलं नाही, यात तुझं काय.

माझं होतं ना! आईच्या फोनवर घेतलेली, आमच्या घरामागची, डोंगर अडवणारी संरक्षक भिंत. तिला पडलेली भेग. बाहेर खडखडीत ऊन, तरी भेगेतून लाल पाणी पाझरतंय.

आता नियम म्हणजे नियम. भिंत ज्याने बांधली, त्याचंही नाव दिलं. तिच्यावरच्या संगमरवरी पाटीवरून उतरवून.

पडद्यावर ते आलं. सर्वांत शेवटी.

हसू असं थांबलं, जसा कोणी मेन स्विच पाडला. कारण त्या नावाचा माणूस पहिल्या रांगेत होता. प्रमुख पाहुणा. मांडीवर बुके.

"तुझी वाट लागली गं," मागून मैत्रीण कुजबुजली.

तो ओरडला नाही. उठला, जवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड.

"कुठल्या गल्लीत राहतेस, बाळा?"

"तुमच्या भिंतीखालच्या."

हात तिथेच राहिला. बराच वेळ.

नंतर सरांनी जिन्यात गाठलं. "तेवढं नाव काढ. भेग पण काढ. सर्टिफिकेट मिळेल."

"सर, नियम तुमचाच ना?"

सर वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

"नाही काढणार."

तेव्हा भेगेत माझं बोट जायचं. आता मूठ जाते. इतर गोष्टी मी फुगवून सांगते, ही नाही.

फिल्म मी नेटवर टाकलीय. मोकळी. कोणीही घ्या, कुठेही दाखवा. फुकट आहे.

अट एकच. शेवटचं नाव कापायचं नाही.