ह्यांचा अंदाज बरोबर आला

आज वर्षातल्या सर्वोत्तम पुरुष क्रिकेटपटूचा पुरस्कार जाहीर झाला. दुपारी ह्यांचे मित्र प्रकाशभावजी मुलुंडहून आमच्या दहिसरच्या घरी आले. हे जाऊन दीड महिना झाला.

"वहिनी, ग्रुपमध्ये फक्त त्याचाच अंदाज बरोबर आला. मी म्हटलं, बॅट्समनलाच देतील. तर म्हणतो, गप रे, तुला काय कळतंय, बोलरलाच मिळणार."

"कधी म्हणाले?"

"हॉस्पिटलात, शेवटच्या रविवारी. अर्धा तास भांडला माझ्याशी."

त्या दिवशी आत जायचा पास एकच होता. तो मीच भावजींना दिला आणि खाली बाकावर बसून राहिले. नंतर वर गेले, तेव्हा हे "दमलोय गं" एवढंच म्हणाले. पुढे बोललेच नाहीत.

भावजी डोळे पुसत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. तो अर्धा तास माझा होता.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?" "कळवते," म्हणून मी दार लावून घेतलं.

ते आले तर ह्यांचं आणखी काही ऐकायला मिळेल, पण तेही त्यांनाच सांगितलेलं असेल. तुम्ही बोलावलं असतं का?